'कूलिंग' गादी खरंच थंड असते का? ऑर्डर करण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर एकदा चुकून 'मॅट्रेस' असं सर्च करून बघा. पुढचे पंधरा दिवस तुमच्या फीडमध्ये गाद्याच गाद्या दिसतील. कुणी गादीवर अंडं टाकून दाखवतंय, कुणी शेजारी उडी मारून पाण्याचा ग्लास सांडत नाही ते दाखवतंय. आणि एप्रिल लागला की सगळ्यांच्या जाहिरातीत एकच शब्द येतो. कूलिंग. निळा जेल, बर्फाचे तुकडे, गारगार झोपलेली बाई.

मागच्या वर्षी मीही त्या बाईला भुलले.

आमचं घर जळगावला. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. आईची पाठ दुखते, घरातली कापसाची गादी दबून पार चपटी झालेली. मी पुण्यात नोकरीला. म्हटलं, आई-बाबांसाठी चांगली गादी घेऊ. पलंग सुताराकडून करून घेतलेला, त्यामुळे बाजारातल्या कुठल्याच मापात बसत नव्हता. वेबसाईटवर माप टाकलं, 'कूलिंग जेल मेमरी फोम' निवडलं आणि बावीस हजार रुपये भरले. गादी फेब्रुवारीत आली. आई खूश.

मे महिन्यात घरी गेले तर आई जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेली.

"अगं, त्या गादीवर पाठ नुसती भाजते. खाली फरशीवर बरं वाटतं."

गुडघे दुखणारी बाई रात्री दोनदा जमिनीवरून हाताचा आधार घेत उठत होती. कंपनीला फोन केला. उत्तर आलं, कस्टम साईज परत घेत नाही.

मग मी जे गादी घेण्याआधी वाचायला हवं होतं, ते गादी घेतल्यावर वाचलं. तुमचे पैसे वाचावेत म्हणून आता सगळं सांगते.

झोपेचा आणि तापमानाचा संबंध काय?

रात्री झोपायची वेळ झाली की आपलं शरीर आतून थोडं थंड व्हायला लागतं. शरीराच्या गाभ्याचं तापमान रात्रभरात साधारण एक अंशाने उतरतं. त्यासाठी शरीर आतली उष्णता त्वचेकडे पाठवतं, विशेषतः हातापायांकडे. झोप येताना लहान मुलांचे तळहात, तळपाय गरम लागतात ते यामुळेच. ही उष्णता बाहेर पडली की झोप लवकर लागते. ती अडली की आपण कूस बदलत राहतो.

झोपलेलं माणसाचं शरीर साधारण ७० ते ८० वॉट इतकी उष्णता सोडत असतं. पूर्वी घरोघरी जो ६० वॉटचा पिवळा बल्ब असायचा, त्याहून थोडी जास्तच. वरच्या बाजूने ही उष्णता पंख्याचा वारा घेऊन जातो. पण पाठीखालच्या भागाला वारा लागत नाही. तिथली उष्णता आणि घाम या दोन्ही गोष्टी गादीतूनच वाट काढतात.

म्हणजे गादीने थंडावा तयार करायचा नसतो. ती तो करूही शकत नाही, कारण तिच्यात ना कॉम्प्रेसर असतो ना पंखा. गादीचं काम एवढंच की तिने उष्णतेची आणि घामाची वाट अडवू नये.

मग शोरूममध्ये ती थंड का लागते?

घरात एक प्रयोग करा. एक हात स्टीलच्या ताटावर ठेवा, दुसरा लाकडी पाटावर. ताट थंड लागेल, पाट कोमट. पण दोन्ही वस्तू एकाच खोलीत आहेत, त्यामुळे दोघांचं तापमान सारखंच आहे. फरक इतकाच की स्टील हातातली उष्णता झटकन ओढून घेतं. आपल्या त्वचेला तो वेग कळतो आणि मेंदू म्हणतो, 'थंड आहे'.

जेलचा थर, किंवा हात लावताच गार लागणारं ते गुळगुळीत कापड, नेमकं हेच करतं. सुरुवातीला पटकन उष्णता ओढून घेतं. पण ती उष्णता पुढे कुठे जाते? जेलच्या खाली फोम असेल तर ती तिथेच अडते. थोड्या वेळात जेल तुमच्याइतकाच गरम होतो आणि गारवा संपतो.

शोरूममध्ये आपण गादीवर किती वेळ बसतो? दोन-तीन मिनिटं. तेही एसीत. झोपतो सात-आठ तास. दोन मिनिटांच्या गारव्यावरून आठ तासांचा निर्णय घेतला, की माझ्यासारखं होतं.

मेमरी फोमचं काय बिनसतं?

मेमरी फोमच्या जाहिरातीत 'नासा' हमखास असतं, आणि ते खरंही आहे. १९६६ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने हा फोम तयार केला. उद्देश होता विमानातल्या आसनांना धक्का शोषणारी गादी देणं. गादी म्हणून तो घरोघरी पोचला तो १९९० च्या दशकात, एका स्वीडिश कंपनीमुळे. थोडक्यात, त्याचा जन्म आसनासाठी झाला. मे महिन्यातल्या जळगावच्या रात्रीसाठी नक्कीच नाही.

या फोमच्या दोन सवयी आपल्याला त्रास देतात.

पहिली, तो उष्णता अडवतो. फोम म्हणजे हवेच्या बारीक बारीक कप्प्यांचं जाळं, आणि अडकलेली हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. आपल्या फ्रिजच्या भिंतीत जो कडक फोम भरलेला असतो तोही पॉलियुरेथेनच, म्हणजे गादीच्या फोमचाच भाऊबंद. फ्रिजमध्ये तो बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. गादीत तुमची उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

दुसरी सवय, मेमरी फोम तापमानानुसार बदलतो. थंडीत कडक होतो, उन्हाळ्यात मऊ पडतो. फेब्रुवारीत आईला गादी छान वाटली ती यामुळेच. मेमध्ये तोच फोम जास्त मऊ झाला, शरीर जास्त खोल रुतलं, पाठीचा जास्त भाग फोमला चिकटला आणि हवा जायला जागाच उरली नाही.

कंपन्या 'कूलिंग'साठी काय काय करतात?

याचे बरेच प्रकार आहेत. एकेक बघू.

*जेल:* वर सांगितलंच. सुरुवातीला गार लागतो. एसीच्या खोलीत थोडा उपयोग होतो, गरम खोलीत फारसा नाही.

*पीसीएम:* हे हुशार तंत्र आहे. कापडात किंवा फोममध्ये मेणासारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब बसवलेले असतात. शरीराच्या उबेने ते वितळतात आणि वितळताना उष्णता शोषतात. बर्फ वितळताना सरबत गार करतो, तसंच. पण किती वेळ? साधा हिशोब करू. समजा अंगाखालच्या भागात असं १०० ग्रॅम मेण आहे. एक ग्रॅम मेण वितळायला साधारण २०० ज्यूल उष्णता लागते, म्हणजे १०० ग्रॅमला २०,००० ज्यूल. झोपलेलं शरीर सेकंदाला ७५ ज्यूल उष्णता सोडतं आणि त्यातला एक तृतीयांश भाग गादीत जातो असं धरलं, तर सेकंदाला २५ ज्यूल झाले. २०,००० भागिले २५, उत्तर ८०० सेकंद. म्हणजे तेरा-चौदा मिनिटं.

हा ढोबळ हिशोब आहे, मेण जास्त असेल तर वेळ वाढेल. पण खरी गोम पुढे आहे. समजा हे मेण ३० अंशांच्या आसपास वितळणारं आहे आणि तुमची खोली आहे ३४ अंशांवर. मग तुम्ही आडवं होण्याआधीच ते वितळून बसलेलं असतं. शोषायला काही उरतच नाही. एसीच्या खोलीत मात्र ते पुन्हा गोठतं आणि पुन्हा कामाला लागतं.

*पॉकेट स्प्रिंग:* प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत. आतला बराचसा भाग पोकळ असल्यामुळे हवा खेळते, आणि एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला धक्का कमी बसतो. फक्त स्प्रिंगच्या वर किती जाड फोम घातलाय ते बघा. वर तीन-चार इंच मेमरी फोम असेल, तर खालच्या पोकळीचा पाठीला फारसा फायदा नाही.

*लॅटेक्स:* रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतो. आपल्याकडे रबर प्रामुख्याने केरळमध्ये पिकतं. या थरात आरपार भोकं असतात, त्यातून हवा जाते. शिवाय तो मेमरी फोमसारखा रुतत नाही, लगेच वर उसळतो. तोटे दोन. महाग आणि वजनाने भारी. 'नॅचरल लॅटेक्स' लिहिलं असेल तर टक्केवारी विचारा, कारण त्यात कृत्रिम रबर मिसळलेलं असू शकतं. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

*काथ्या:* नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून केलेले थर. मोकळी वीण, त्यामुळे हवा जाते. घट्ट आधार लागणाऱ्यांना बरी. स्वस्तही असते. पण काही वर्षांत रोजची झोपायची जागा खचते.

*जाळीदार पॉलिमर:* चौकोनांची लवचिक जाळी. मुंबईत २०१९ मध्ये सुरू झालेल्या द स्लीप कंपनीने आपल्याकडे हा प्रकार लोकप्रिय केला. जाळीत मोकळी जागा जास्त असल्यामुळे घन फोमपेक्षा हवा चांगली खेळते.

*कापूस:* आपली जुनी गादी. घाम शोषते, अंगाला चिकटत नाही. पण गोळे होतात, दबते, दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी लागते आणि पिंजारी आता शोधावे लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात तिला ओल धरते. ऊन दाखवायची सोय असेल तरच तिचा विचार करा.

*पाण्यावर चालणाऱ्या 'स्मार्ट' गाद्या:* यांच्यात खरोखर यंत्र असतं. गार किंवा कोमट पाणी बारीक नळ्यांतून फिरतं. अमेरिकेतली एट स्लीप ही कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड सेवा बंद पडली तेव्हा या गाद्यांचं नियंत्रणही गेलं. काहींच्या गाद्या तापल्या, काहींचे पलंग अर्धवट उचललेल्या अवस्थेत अडकले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. त्यामुळे असं काही घेणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा, की इंटरनेट नसताना गादी चालते का?

आधी खोली बघा, मग गादी

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि जाहिरातीत तो कधीच नसतो.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. खोली २५ अंशांवर असेल तर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. खोलीच ३४ अंशांवर असेल तर गादी, उशी, चादर, सगळंच ३४ अंशांवर असतं. मग उष्णता जाणार कुठे? अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो. घाम. तोही नुसता येऊन चालत नाही, वाळावा लागतो. घाम वाळतानाच शरीराची उष्णता घेऊन जातो.

यातून तीन वेगवेगळी उत्तरं निघतात.

तुम्ही रात्रभर एसी लावून झोपत असाल तर जवळपास कुठलीही चांगली गादी चालेल. जेल आणि पीसीएम यांचा थोडाफार फायदा इथेच मिळतो. निवड आधारावरून आणि पाठीच्या गरजेवरून करा. 'कूलिंग'साठी वेगळे दहा हजार देण्याची गरज नाही.

तुम्ही विदर्भ, खानदेश किंवा मराठवाड्यात कूलर-पंख्यावर झोपत असाल तर हवा कोरडी आहे, घाम पटकन वाळतो. तुम्हाला घाम शोषणारा वरचा थर आणि हवा खेळणारी गादी हवी. लॅटेक्स, स्प्रिंग किंवा काथ्या, वर सुती कव्हर. जाड मेमरी फोम टाळा. आजोबा अंगणात बाजेवर झोपायचे त्याचं कारण हेच. सुतळीच्या विणीतून खालूनही वारा लागायचा.

तुम्ही मुंबई, कोकण किंवा गोव्यात एसीशिवाय झोपत असाल तर प्रश्न वेगळा आहे. तापमान कमी असलं तरी हवेतच इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही. इथे पाठीखालून हवा जाणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि गादीला बुरशी लागू नये म्हणून पलंगाचा तळही उघडा हवा.

आणि अशा रात्री आता कमी नाहीत. हवामान खात्याच्या व्याख्येत 'उष्ण रात्र' असा वेगळा प्रकार आहे. दिवसाचं कमाल तापमान ४० अंश किंवा जास्त असताना, रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त राहिलं की ती उष्ण रात्र.

गादी चांगली, पण वर काय घातलंय?

घरी गेल्यावर मी आईच्या गादीवरची चादर काढली आणि कपाळावर हात मारला. गादीसोबत 'वॉटरप्रूफ प्रोटेक्टर' फुकट आला होता. वरून मऊ, खालून प्लास्टिकचा थर. म्हणजे आम्ही आईला प्लास्टिकवर झोपवत होतो.

तुमच्याही घरी हे असेल. कित्येक घरांत तर नवी गादी खराब होऊ नये म्हणून कंपनीचं प्लास्टिकच काढत नाहीत. मग खाली लॅटेक्स असो की जाळी, पाठ प्लास्टिकलाच लागते.

कापडाचा फरक किती पडतो ते आकड्यात बघा. १०० ग्रॅम कोरडा कापूस साध्या हवेत साधारण साडेआठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणून चादर सुती घ्या, कव्हर घाम शोषणारं घ्या. प्रोटेक्टर लागणारच असेल, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर ज्याच्या खालच्या पडद्यातून वाफ बाहेर जाते असा विचारून घ्या.

पलंगाचा तळही बघा. स्टोरेजच्या बेडला खाली सलग प्लायवूड असतं. फळ्यांमध्ये फटी असलेल्या पलंगावर गादी खालून कोरडी राहते. जुन्या प्लायला सुताराकडून भोकं पाडून घेता येतात.

कस्टमाईज म्हणजे नक्की काय बदलता येतं?

आपल्याकडे तयार गाद्या साधारण ७२, ७५ किंवा ७८ इंच लांब असतात. म्हणजे सहा, सव्वासहा आणि साडेसहा फूट. रुंदी ३६, ४८, ६० आणि ७२ इंच. सुताराने केलेले पलंग आणि दिवाण यात बसतीलच असं नाही. म्हणून कस्टम साईज. पण माप सोडूनही बऱ्याच गोष्टी निवडता येतात.

*माप:* जुन्या गादीचं माप घेऊ नका, ती वापरून पसरलेली असते. पलंगाच्या चौकटीच्या आतून मोजा. लांबी दोन ठिकाणी, रुंदी दोन ठिकाणी, कारण हाताने केलेला पलंग तंतोतंत काटकोनात नसतो. जे सगळ्यात कमी भरेल ते धरा. आणि एक बघा. फरक इंचभराचाच असेल तर कस्टमच्या फंदात न पडता जवळचं तयार माप चालतंय का? का, ते पुढे कळेल.

*उंची:* पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. स्टोरेजचा बेड १४ इंच आणि गादी १० इंच म्हणजे दोन फूट. पाच फूट उंचीच्या आईचे पाय लोंबकळतात. ज्येष्ठांसाठी सहा इंचांची गादी बऱ्याचदा जास्त सोयीची.

*कडकपणा:* 'पाठ दुखते? मग कडक गादीवर झोप', हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकतोय. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. कुशीवर झोपणाऱ्यांना खांदा-कंबरेसाठी थोडा मऊपणा लागतो, पोटावर झोपणाऱ्यांना थोडा कडकपणा.

*दोन बाजू, दोन माणसं:* नवरा-बायकोचं वजन आणि सवय वेगळी असते. काही ठिकाणी एकाच कव्हरमध्ये दोन वेगवेगळ्या कडकपणाचे भाग घालून मिळतात. ज्या गादीला चेन असते आणि आतले थर वर-खाली करता येतात, ती घेतली तर नंतर चूक दुरुस्त करता येते. माझ्या मते कस्टमाईजमधली ही सगळ्यात कामाची सोय आहे.

*डेन्सिटी:* दुकानदार '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचं वजन ३२ किंवा ४० किलो. याचा संबंध टिकाऊपणाशी आहे. कडकपणा ही वेगळी गोष्ट. गंमत म्हणजे हे तुम्हाला वजनकाट्यावर तपासता येतं. ७२ बाय ३६ बाय ५ इंचांची, एकाच फोमची गादी खरंच ३२ डेन्सिटीची असेल तर नुसत्या फोमचं वजन पावणेसात किलोच्या पुढे भरलं पाहिजे. पाच किलो भरलं तर समजून जा.

'१०० रात्रींची ट्रायल' आणि बारीक अक्षरं

ऑनलाईन गाद्यांचा धंदा आपल्याकडे गेल्या दहा वर्षांत वाढला. बंगळुरूची वेकफिट २०१६ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये त्यांनी १०० दिवस रोज नऊ तास झोपण्यासाठी एक लाख रुपये देणारी 'स्लीप इंटर्नशिप' काढली आणि ती तुफान व्हायरल झाली. जुन्या कंपन्याही मागे नाहीत. स्लीपवेल बनवणाऱ्या शीला फोमने २०२३ मध्ये कर्लऑन विकत घेतली. स्पर्धा वाढली तशी '१०० रात्री वापरा, नाही आवडली तर परत करा' ही ऑफर सर्रास झाली.

पण कस्टम साईजला ही ऑफर बऱ्याचदा लागू नसते. तुमच्या पलंगाच्या मापाची गादी कंपनी दुसऱ्या कुणाला विकणार? त्यामुळे ज्यांना ट्रायलची जास्त गरज, त्यांनाच ती मिळत नाही. आमचं झालं ते हेच. अट वेबसाईटवर लिहिलेली होती, मी वाचली नव्हती.

यावर मार्ग आहे. त्याच मॉडेलची छोटी किंवा तयार मापाची गादी आधी शोरूममध्ये किंवा कुणाच्या घरी वापरून बघा आणि मगच कस्टमची ऑर्डर द्या. ऑर्डरच्या आधी कंपनीला ईमेलवर विचारा, की या मापाला परतीची सोय आहे का, आणि उत्तर जपून ठेवा.

कायद्यातला फरकही लक्षात ठेवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेता परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. लॅटेक्स सांगून साधा फोम निघाला, माप चुकलं, तर हा नियम तुमच्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. पण 'मला गरम होतं' हे दोषात बसवणं अवघड आहे.

दुकानात गेल्यावर एवढं करा

१. ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर पंधरा मिनिटं पडून राहा. लाजू नका. उठल्याबरोबर पाठ होती तिथे हात ठेवा. जागा गरम आणि दमट लागली तर घरी आणखी लागेल.

२. थरांचा कापलेला नमुना मागा. फोमच्या तुकड्याला तोंड लावून फुंका. हवा पलीकडे जाते का बघा.

३. कव्हरच्या नमुन्यावर पाण्याचा थेंब टाका. मुरला तर घाम शोषेल, वर तसाच राहिला तर नाही.

४. 'कूलिंग' म्हणजे नक्की कोणता थर, तो वरून किती इंचांवर आहे आणि किती जाड आहे, ते विचारा. उत्तर 'टेक्नॉलॉजी आहे मॅडम' असं आलं तर पुढच्या दुकानात जा.

५. वॉरंटीत किती इंच खड्डा पडला तर गादी बदलून मिळते, ते वाचा. डाग पडला तर वॉरंटी जाते का, तेही.

आमच्या गादीचं काय झालं?

परत झाली नाही. बावीस हजारांची गादी टाकून देणंही परवडणारं नव्हतं. मग आम्ही तीन गोष्टी केल्या. प्लास्टिकचा प्रोटेक्टर काढला. सुताराला बोलावून पलंगाच्या प्लायला भोकं पाडली. आणि आईने ट्रंकेतून आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची जाड गोधडी काढली, ती गादी आणि चादरीच्या मध्ये घातली.

गोधडीने गादी थंड झाली नाही, पण ती घाम शोषते आणि अंग फोमला थेट चिकटत नाही. आई पुन्हा पलंगावर झोपायला लागली. पारा अगदीच चढला की अजूनही एखाद्या रात्री खाली येते. जमिनीला लागून असलेली फरशी उष्णता ओढून घेते आणि ती खाली मुरवतेही, तिच्याशी बावीस हजारांच्या जेलची बरोबरी होत नाही.

एक चूक मात्र मी पुन्हा करणार नाही. मी गादी निवडताना आईचं वय, तिची पाठ आणि पलंगाचं माप बघितलं होतं. ती ज्या खोलीत झोपते त्या खोलीत मे महिन्यात रात्री किती गरम होतं, हे तिला विचारलंच नव्हतं. घरच्यांसाठी गादी बघत असाल तर आधी तेवढा एक फोन करा.